.२२ रायफल (ब्रनो) सामानासकट विकायचीय, रीतसर कसं करायचं? परभणी जिल्हा

सेलूकर_मास्तर

नमस्कार मंडळी. मी सेलूचा, जिल्हा परभणी. शाळेवर शिक्षक आहे. माझ्या लायसनवर एक .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, ब्रनो मॉडेल टू, चेकोस्लोव्हाकियाची जुनी बनावट. २०१७ ला गन हाऊसमधून सेकंडहँड घेतली. वयानं जुनी आहे पण वापरानं नाही, आधीच्या मालकानं कपाटातच ठेवली होती अन् मी पण फार उडवली नाही. मी एक वही ठेवलीय, रेंजवर गेलो की तारीख, किती राऊंड, वारा कसा होता सगळं लिहितो, आठ वर्षांत ६४० राऊंड झालेत फक्त, सगळे टार्गेटवर, एक पण शेतात किंवा हवेत नाही.

सोबत हे सामान आहे: चार बत्तीसचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण), तो बसवायचे ११ मिलिमीटरचे माउंट, पाच गोळ्यांची दोन मॅगझीन, चामड्याचा पट्टा, क्लीनिंग रॉड अन् पितळी ब्रश, हार्ड केस, वाळूच्या दोन पिशव्या. अन् १३० राऊंड शिल्लक आहेत.

विकायचं कारण सांगतो. पोरगी आठवीत आहे, दोन वर्षं झाली दहा मीटर एअर रायफलची नेमबाजी करायलीय. सध्या क्लबची रायफल वापरते, ती पाच पोरांत एक आहे, हिचा नंबर येईपर्यंत सराव संपतो, अन् बट (रायफलीचा मागचा दस्ता) तिच्या खांद्याला लांब पडतो म्हणून मान वाकडी करून बसवती. स्वतःची घ्यायची म्हणलं तर जुनी सुद्धा लाखाच्या वर जाती. माझ्या पगारात घराचं कर्ज चालू आहे. मग माझ्याकडं विकण्यासारखं काय तर ही रायफल. लई जीव आहे हिच्यावर, खोटं कशाला बोलू, रविवारी सकाळी तेलाचं फडकं घेऊन बसलो की तास कसा जातो कळत नाही. पण कपाटात ठेवून जीव लावण्यापेक्षा पोरीच्या हातात काहीतरी गेलेलं बरं.

आता अडचण. ओळखीतला एक जण म्हणतो, "मास्तर, मी रोख पैसे देतो, रायफल आज द्या, लायसनवर नंतर चढवून घेऊ, सगळे असंच करतात." माणूस चांगला आहे, लायसनपण आहे त्याच्याकडं. पण मला हे पटेना. कुणी अशी थेट विक्री केलीय का? कुठं अर्ज द्यायचा, सामान रायफलसोबत द्यायचं की वेगळं विकायचं, अन् राऊंडचं काय करायचं? एका गिऱ्हाईकानं तर कुरियरनं पाठवा म्हणलं.

बालाघाटचा_वारा

मास्तर, सोपा मार्ग सांगतो, गन हाऊसला देऊन टाका. तुमच्या लायसनवरून कमी होते, त्यांच्या रजिस्टरला चढते, गिऱ्हाईक आलं की ते विकतात अन् त्यांचं कमिशन कापून पैसे देतात. तोटा एवढाच की लवकर पैसे पाहिजे असतील तर तिथं वाट बघावी लागते, अन् एकदम विकत देतो म्हणलात तर भाव पाडून मागतात. मी माझी बारा बोअर अशीच दिली, पैसे यायला सात महिने लागले. पण झोप शांत लागली.

कुरियरचं नाव पण काढू नका.

वकील_लातूर

मास्तर, तुम्हाला जे पटेना म्हणताय ना ते बरोबर आहे, अजिबात पटू देऊ नका. जरा सविस्तर लिहितो कारण यात लई लोक अडकलेले बघितलेत.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. धंदा म्हणून हत्यार विकायचं तर डीलरचं लायसन लागतं. पण स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर ठेवलेलं हत्यार लायसनधारक माणूस दुसऱ्या पात्र माणसाला विकू शकतो, त्याला डीलर असायची गरज नाही. फक्त दोन अटी आहेत. एक, विकायच्या आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव अन् पत्ता पाहिजे. दोन, कळवल्यापासून कमीत कमी ४५ दिवस उलटले पाहिजेत. ४५ दिवस पुरे व्हायच्या आत रायफल दिली तर ती कायद्याच्या भाषेत कलम ५ मोडून केलेली विक्री होते अन् कलम २५ खाली कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं ही शिक्षा वाढलीय. "नंतर चढवून घेऊ" म्हणणारा माणूस चांगला असेल हो, पण उद्या त्या रायफलीचं काही झालं तर नंबर तुमच्या नावावर निघणार.

कायद्यात "किंवा" लिहिलंय, तरी तुम्ही अर्ज दोन्हीकडं द्या, कलेक्टर ऑफिसला अन् ठाण्याला. अर्जात रायफलचा मेक, बोअर, नंबर, तुमचा लायसन नंबर अन् यूआयएन (लायसनधारकाचा ओळख क्रमांक), घेणाऱ्याचा लायसन नंबर अन् यूआयएन, सगळं टाका. सोबत दोघांच्या लायसनच्या झेरॉक्स. अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ४५ दिवस त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजायचे. तोंडी सांगितलं अन् साहेब हो म्हणले याला काडीची किंमत नाही.

आता घेणाऱ्याचं. त्याच्याकडं लायसन आहे एवढं पुरत नाही. त्या लायसनवर .२२ रायफल घ्यायची मंजुरी आहे का बघा, रिव्हॉल्वरच्या लायसनवर रायफल चढत नाही. दुसरं, २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. म्हणजे त्याच्याकडं दोन असतील तर तुमची रायफल त्याला घेता येत नाही, फक्त मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला टार्गेटच्या .२२ साठी यातून सूट आहे. तिसरं, लायसनची मुदत. अन् चौथं, लायसनचं क्षेत्र, जिल्ह्यापुरतं आहे की महाराष्ट्रभर. तुमचं परभणी जिल्ह्यापुरतंच असेल तर रायफल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात पोचवायला जाऊ नका, तो तुमच्याकडं येऊ द्या, अन् त्याचं क्षेत्र तिथंपर्यंत पाहिजे. घेणारा छत्रपती संभाजीनगर शहरातला असेल तर त्याचं कामकाज कलेक्टरकडं नसतं, पोलीस आयुक्तालयाकडं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

सामानाबद्दल. स्कोप, माउंट, पट्टा, केस, रॉड हे खुशाल वेगळं विका, त्याला लायसन लागत नाही. पण मॅगझीन वेगळं विकू नका. कायद्यात हत्याराच्या व्याख्येत हत्याराचे भाग पण धरलेत. बोल्ट, बॅरल, मॅगझीन हे रायफलीसोबतच जाऊ द्या अन् अर्जात "दोन मॅगझीनसह" असं लिहा. सायलेंसर कुणाकडं असला तर तो कायद्यानं अग्निशस्त्रातच मोडतो, तुमच्याकडं नाही हे चांगलंय.

राऊंड पण त्याच कलमात येतात. रायफल गेली अन् १३० राऊंड घरात राहिले तर ते कशाच्या आधारावर ठेवले याला उत्तर नाही. एकतर त्याच अर्जात आकडा टाकून घेणाऱ्याला द्या, त्याच्या कोट्यात (लायसनवर जेवढे राऊंड ठेवता येतात त्यात) बसत असतील तर, नाहीतर गन हाऊसला जमा करून पावती घ्या.

आणि घाई करू नका. बीडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला लायसनांची मोठी फेरतपासणी झाली, बरेच रद्द झाले. त्यामुळं आजूबाजूच्या जिल्ह्यांत पण टेबलावर कागद नीट बघतात आता. नीट कागद असलेल्या माणसाला त्याची भीती नाही.

शिवार_जिंतूर

मास्तर मला पाहिजे बघा. आमच्याकडं रानडुकरानं अन् रोह्यांनी (नीलगायींनी) लई वाट लावलीय, सोयाबीन उगवून वर आलं की रात्री कळप येतो, सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतंय. मागल्या साली भुईमूग तर एक शेंग घरी आणली नाही. लायसन काढायला किती दिवस लागतात ते पण सांगा. .२२ हलकी असती म्हणं, आवाज पण कमी.

सेलूकर_मास्तर

दादा, तुमचं दुखणं कळतंय, माझ्या भावाचं वावर पण त्याच पट्ट्यात आहे, तो रात्र रात्र माचाणावर बसतो. पण ही रायफल त्या कामाची नाही, खरंच सांगतो. गोळी केवढी तर ४० ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. डुकराला लागली तरी ते पडत नाही, जखमी होऊन उसात शिरतं अन् मग सकाळी जो माणूस पाणी द्यायला जातो त्याच्या अंगावर येतं. अन् नेम चुकला तर हीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आपल्याकडं सपाट रान, मागं टेकाड नाही, रात्री कोण कुठल्या आखाड्यावर झोपलंय माहीत नसतं.

वकील_लातूर

अन् वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहेच. स्वतःच्या शेतात असला तरी वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय डुक्कर किंवा रोही मारणं गुन्हा आहे. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडं करा, नुकसान झालं की लगेच, वाट बघत बसू नका, तलाठी अन् कृषी सहायकाला बोलवून पंचनामा करून घ्या, फोटो काढून ठेवा. दादा तुम्हाला काही अडलं तर मला निरोप टाका, अर्ज लिहून देतो, फी नको.

शिवार_जिंतूर

बरं वकीलसाहेब. टाकतो निरोप. मास्तर, पोरीला चांगली रायफल मिळो.

जुना_आर्मोरर

मी तीस वर्षं हत्यार दुरुस्तीचं काम केलंय, आता रिटायर, नांदेडला असतो. मास्तर, कागदाचं वकीलसाहेबांनी सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. जो घेईल तो बघणारच, तुम्ही आधीच बघून ठेवा म्हणजे भाव करताना मान खाली घालायची वेळ येणार नाही.

रिमफायर म्हणजे काय तर बार पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो, मधोमध टोपी नसते. म्हणून पिन मध्ये नाही मारत, कडेवर मारते. आता रिकामी रायफल कुणी नुसती खटखट करून चालवत बसलं तर पिन मारणार कशावर, काडतूस नाही, मग ती सरळ चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडावर आदळते. असं शेकडो वेळा झालं की तिथं लोखंड दबून एक खाच पडते अन् लोखंडाचा पापुद्रा चेंबरच्या आत सरकतो. मग काडतूस आत जाताना अडकतं, निघताना ओढून काढावं लागतं, अन् पिन कडेला नीट दाबू शकत नाही म्हणून मिसफायर होतो.

तुम्ही असं करा. मॅगझीन काढा, बोल्ट मागं घेऊन चेंबर रिकामं आहे हे डोळ्यानं बघा अन् करंगळी घालून पण बघा, मग बोल्ट पूर्ण काढा. बारीक टॉर्च घ्या, चेंबरच्या तोंडाची गोल कड बघा, पिन जिथं पडते तिथं चमकणारी खाच आहे का. नखानं हळूच कड चाचपा, नख अडलं की समजायचं. मग रेंजवरची दोन-चार उडवलेली रिकामी काडतुसं असतील तर त्यांच्या बुडावरची पिनेची खूण बघा, एकसारखी, स्वच्छ, कडेला धरून पाहिजे. कुठं खोल कुठं उथळ असली तर पिन झिजलीय किंवा स्प्रिंग थकलीय.

दुसरं, नळीचं तोंड. .२२ ची नळी गोळ्या उडवून लवकर खराब होत नाही, गोळी शिशाची अन् मऊ, ती नळी खात नाही. नळी खराब होते ती साफसफाईनं. लोक रॉड तोंडाकडून घालतात, रॉड तिरका घासतो अन् तोंडाची कड एका बाजूनं जाते, मग गोळी सुटताना एका बाजूला ढकलली जाते अन् नेम बसत नाही, माणूस स्कोपला शिव्या देत बसतो. बोल्ट काढून मागनंच रॉड घालायचा. तुम्ही कसं करत होता?

तिसरं, हार्ड केसमध्ये ठेवू नका. आपल्याकडं उन्हाळ्यात कोरडं असतं म्हणून कळत नाही, पण मृगापासून नवरात्रापर्यंत केसच्या फोममध्ये ओल धरते, अन् जिथं लोखंड फोमला टेकतं तिथं तांबेरा येतो. पट्टा जिथं अडकवतात त्या कडीखाली पण बघा.

सेलूकर_मास्तर

काका, तुमचे पाय धरावेत असं वाटायलंय. काल रात्री जेवण झाल्यावर पोरगी टॉर्च धरून बसली अन् मी बोल्ट काढून बघितला. चेंबरची कड गोल, एकसारखी, पिनेच्या जागी फक्त काळपट डाग आहे, खाच नाही, नख फिरवलं तर सरळ गेलं. मी कधी रिकामी चालवली नाही, शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रॉड मागनंच घालतो. पण तांबेऱ्याचं बरोबर निघालं. नळीच्या खालच्या बाजूला, जिथं केसच्या फोमला टेकती तिथं, चार बोटं लांबीत बारीक लाल ठिपके आलेत. वरून दिसत नाहीत, बोट फिरवलं तर खरखर लागतंय. काय करू? पॉलिश पेपर मारू का?

जुना_आर्मोरर

पॉलिश पेपर हातात पण घेऊ नका! निळसर काळा रंग आहे ना तो गेला की परत आणायला दुप्पट खर्च. बंदुकीचं तेल भरपूर लावा, एक रात्र मुरू द्या, मग सुती फडक्यानं पुसा. राहिलं तर अगदी बारीक स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हातानं, दाबायचं नाही. ठिपके निघतील, थोडी खूण राहील. अन् घेणाऱ्याला ती खूण दाखवा. दाखवलेला दोष भावात थोडा कमी करतो, लपवलेला दोष सौदाच मोडतो.

केस उघडी करून उन्हात टाका, रायफल कपाटात कुलपात उभी ठेवा.

हिंगोलीची_ताई

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझे मालक वारले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या नावावर बंदूक होती, शेतीसाठी. दुःखात कुणाला आठवतंय बंदुकीचं? ती दिवाणाच्या खाली गोधडीत गुंडाळलेली होती तशीच राहिली. वर्षश्राद्धाला माझ्या दिरानं मोबाईलमध्ये बघितलं की लायसनधारक गेल्यावर वारसानं हत्यार लवकरात लवकर ठाण्यात किंवा डीलरकडं जमा करायचं असतं. माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. एक वर्ष मी बिनलायसनची बंदूक घरात ठेवून झोपत होते, घरात दोन लेकरं.

ठाण्यात गेले तर पहिल्या दिवशी मला बाहेर बसवलं, दुसऱ्या दिवशी म्हणले मृत्यूचा दाखला आणा, तिसऱ्या दिवशी वारसाचा. एकानं तर विचारलं की एवढे दिवस कुणाला वापरायला दिली होती का. त्या प्रश्नानं मी घरी येऊन रडले. शेवटी एका वयस्कर हवालदारानं शांतपणे अर्ज लिहून घेतला, पावती दिली अन् सांगितलं की ताई ही पावती सोन्यासारखी जपा, जमा केली म्हणून तुमचा हक्क जात नाही, तुम्हाला लायसन काढून परत घेता येते किंवा लायसनवाल्याला विकता येते, फक्त मुदतीत करा, नाहीतर सरकारजमा होती. मी गन हाऊसमार्फत विकली. पैसे लेकीच्या नर्सिंगच्या फीला गेले.

मास्तर, तुम्ही हयात आहात तोवर तुमच्या हातानं हे करताय हे लई चांगलं करताय. अन् ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांनी बायकोला सांगून ठेवा लायसन कुठं आहे, नंबर काय आहे, काही झालं तर कुठं जमा करायचं. आमच्यात कुणी सांगत नाही.

वकील_लातूर

ताई, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांनी वाचायला पाहिजे. शस्त्र कायद्याचं कलम २१ हेच सांगतं. लायसन संपलं, रद्द झालं किंवा माणूस गेला की हत्यार विनाविलंब जमा करायचं. तुम्हाला जो त्रास झाला तो व्हायला नको होता.

नेमबाजाची_आई

मास्तर, मी छत्रपती संभाजीनगरची, माझा मुलगा पण दहा मीटर करतो. रायफल विकायचं तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं, मी घ्यायचं सांगते, कारण आम्ही जुनी घेताना फसता फसता वाचलो.

आधी एक मनातली भीती काढा, दहा मीटरच्या एअर रायफलला लायसन लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर अन् २० जूलपर्यंतची ताकद असली की सूट आहे, स्पर्धेच्या रायफलची ताकद साडेसात जूलच्या आसपास असते. बिल अन् आधारची झेरॉक्स मात्र रायफलच्या पिशवीतच ठेवा, बसनं जाताना विचारतात.

जुनी घेताना सगळ्यात पहिलं सिलिंडर बघायचं. नळीच्या खाली जो लांब सिलिंडर असतो त्यात २०० बार दाबानं हवा भरतात. त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते अन् वापराची मुदत दहा वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, तपासणीत अडवतात, अन् जिवाला पण धोका. आम्हाला जी दाखवली तिचा सिलिंडर मुदत संपून दोन वर्षं झालेली होती, विकणारा म्हणला काही होत नाही. नवा सिलिंडर बाहेरून मागवायचा म्हणजे हजारांत जातं. ती तारीख वाचूनच मग भाव बोला.

दुसरं, बट अन् गालाची पट्टी किती पुढं मागं होते ते पोरीला धरायला लावून बघा. तुम्ही म्हणलात मान वाकडी करून बसवती, हे लगेच थांबवा. तिथं दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे हो, मान वाकडी असली की प्रत्येक शॉटला डोळा वेगळ्या जागी येतो. पोरं सराव वाढवतात अन् आकडा वाढत नाही तेव्हा स्वतःला दोष देतात. वाढत्या वयाची पोरगी आहे, सेटिंग वाढवता येणारी घ्या.

रडू नका रायफल विकताना. स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटरला ब्राँझ घेतलं ते .२२ वरच, पण या पोरांची सुरुवात एअर रायफलवरच होते. ती पुढं ५० मीटरला आली तर तुमच्या घरात .२२ परत येईल.

औसेकर

मास्तर, मी औशाचा, जिल्हा लातूर. महाराष्ट्रभराचं लायसन आहे, मुदत अजून तीन वर्षं, एक बारा बोअर चढलेली आहे, दुसरी जागा रिकामी, .२२ रायफल घ्यायची मंजुरी आणून सहा महिने झाले. मी टार्गेटसाठीच शोधत होतो, पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजला जात असतो. बाहेरून आयात बंद असल्यामुळं चांगली जुनी परदेशी .२२ मिळणं मुश्कील, मिळाली तर नळी घासलेली. तुमची वही बघायला मिळेल का? मला रायफलीपेक्षा वहीनं जास्त विश्वास बसला. लायसनच्या झेरॉक्स निरोपात पाठवतो. ४५ दिवस थांबायला मी तयार आहे. राऊंड माझ्या कोट्यात बसतात. स्कोप पण मला द्या, तुमच्या पोरीला स्कोप लागत नाही, दहा मीटरला पीप साईट (बारीक भोकातून नेम धरायची) असते.

सेलूकर_मास्तर

औसेकर दादा, निरोप बघितला, फोनवर बोलू. खाली तांबेऱ्याची खूण आहे ती फोटोत दाखवतो. काकांनी सांगितल्याप्रमाणं तेल लावून पुसलंय, खरखर गेली, फिकट डाग राहिलेत.

रोखवाल्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. जरा फुगला.

सेलूकर_मास्तर

लई दिवसांनी लिहायलोय, काय झालं ते सांगतो म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

९ जूनला कलेक्टर ऑफिसला अन् आमच्या ठाण्यात दोन्हीकडं अर्ज दिले. वकीलसाहेबांनी सांगितलं तसं रायफल नंबर, दोन मॅगझीन, १३० राऊंड, दोघांचे यूआयएन, सगळं. कलेक्टर ऑफिसला पोच लगेच मिळाली. ठाण्यात दोन चकरा झाल्या, साहेब बंदोबस्ताला होते, पण तिसऱ्या दिवशी शिक्का मिळाला, म्हणून आम्ही ठाण्याच्या पोचेवरची तारीख धरली, ११ जून. तिथून ४५ दिवस मोजले तर २६ जुलै. दोन दिवस अजून जास्त थांबलो.

मधल्या काळात औसेकर दादा एकदा सेलूला येऊन गेले, रायफल बघायला, न्यायला नाही. आमच्या दिवाणखान्यात चटईवर बसून त्यांनी बोल्ट काढला, टॉर्च लावली, पांढऱ्या कागदाचा तुकडा मागं धरून नळीतून बघितलं अन् बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, मास्तर, ही जपलीय. भाव त्यांनी पाडला नाही, मीच डागाचे थोडे कमी केले.

२९ जुलैला ते लायसन घेऊन आले, दोघं मिळून ठाण्यात गेलो, ताबा दिल्या-घेतल्याचं दोन प्रतींत लिहिलं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. रायफल त्यांच्या लायसनवर चढली अन् माझ्यावरून कमी झाली त्याच्या नोंदीची झेरॉक्स माझ्याकडं आहे, फाईलला लावलीय. पैसे बँकेतून आले, रोख नाही. वही पण त्यांना दिली. शेवटच्या पानावर मी तारीख टाकून "हस्तांतर" एवढंच लिहिलं.

हिंगोलीच्या ताई, तुमचं वाचून त्याच रात्री बायकोला लायसनची फाईल दाखवली होती. आता त्या लायसनवर हत्यार नाही पण बायकोला सगळं माहीत झालं.

एअर रायफल परवा बघून आलो. सिलिंडरवरची तारीख पोरीनंच वाचली, अजून सहा वर्षं मुदत आहे. गालाची पट्टी दोन आटे वर घेतली, बट एक खाच आत घेतला अन् तिनं मान सरळ ठेवून पहिल्यांदा धरली. म्हणली, पप्पा, आता डोळा आपोआप समोर येतोय.

औसेकर दादा, दिवाळीच्या सुट्टीत बालेवाडीला येणार असाल तर कळवा, पोरीला पण आणतो. तिला ती रायफल ५० मीटरवर चालताना बघायचीय.

औसेकर

कळवतो मास्तर. तुमच्या वहीच्या पुढच्या पानापासूनच लिहायला सुरुवात केलीय मी, पहिल्या दिवशीचे २० राऊंड, वारा डावीकडून.